वैद्यकीय शिक्षणातले डॅशबोर्ड: पडद्यावरच्या आकड्यांमुळे वॉर्डात आणि वर्गात काही बदलते का?

वॉर्डातला_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार. मी महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो आणि तिथल्या मेडिकल एज्युकेशन युनिटचे काम पाहतो. गेली काही वर्षे जो विषय आमच्या बैठकांमध्ये सतत येतो, तो इथल्या डॉक्टर, शिक्षक आणि विद्यार्थी सभासदांपुढे मांडावा, म्हणून हा धागा काढत आहे.

२०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित (विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते, यावर भर देणारा) अभ्यासक्रम, म्हणजे ज्याला आपण सगळे सीबीएमई म्हणतो तो, लागू झाला. त्याआधी एका विद्यार्थ्याबद्दल महाविद्यालयाकडे जी नोंद असे, ती हजेरीपट आणि टर्मच्या गुणांपुरती असे. आता प्रत्येक कौशल्याची लॉगबुकात नोंद, त्यावर शिक्षकाची सही, अंतर्गत मूल्यमापनाचे तुकड्यातुकड्यांनी गोळा होणारे गुण, एटकॉमच्या (वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांच्या) तासांनंतर लिहायचे चिंतन, दत्तक कुटुंबांच्या भेटींच्या नोंदी, शिवाय तासागणिक अभिप्राय अशी माहिती दररोज साचत असते. एवढी माहिती साचली की कोणीतरी तिचा डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका पडद्यावर दाखवणारा तक्ता, करतोच. कुठे विकतचे सॉफ्टवेअर येते, तर कुठे एखादा हौशी सहायक प्राध्यापक एक्सेलमध्ये रात्री बसून तो तयार करतो.

माझा आक्षेप डॅशबोर्डला मुळीच नाही. मी पाहिलेल्या बहुतेक डॅशबोर्डांवर हजेरीची टक्केवारी, पूर्ण झालेल्या पोर्शनची टक्केवारी, सरासरी गुण आणि हिरवा-पिवळा-लाल रंग एवढेच असते. ही माहिती तपासणीच्या फाइलला पुरते, पण पुढच्या तुकडीला तोच विषय कसा शिकवावा, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळे प्रश्न विचारावे लागतात आणि बऱ्याचदा त्याच माहितीतला एखादा दुर्लक्षित रकाना उघडावा लागतो. दोन उदाहरणे देतो.

पहिले लॉगबुकाचे. एका विभागात शिरेत कॅन्युला घालणे, मूत्रमार्गात कॅथेटर घालणे, जखमेला टाके घालणे या कौशल्यांची पूर्तता जवळजवळ शंभर टक्के दिसत होती आणि पडद्यावर सगळे हिरवेगार होते. सहीशेजारी तारखेचा रकाना असतो, तो मात्र कोणी पाहिला नव्हता. सह्या आठवड्यागणिक मांडल्या, तेव्हा पोस्टिंगच्या (त्या विभागातल्या नेमणुकीच्या) काळात तुरळक ठिपके आणि प्रीलिमच्या, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेआधीच्या सराव परीक्षेच्या, आधीच्या पंधरवड्यात एकदम उंच खांब, असा आलेख निघाला. काही सह्या तर रविवारच्या होत्या. कौशल्ये झालीच नव्हती, असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु विद्यार्थ्याने कॅन्युला कशी घातली हे पाहिलेला शिक्षक आणि सही करणारा शिक्षक यांचा काळ आणि कदाचित व्यक्तीही जुळत नव्हती, आणि अशा सहीला प्रमाणपत्र म्हणून अर्थ उरत नाही. त्या आलेखानंतर विभागाने पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी लॉगबुक जमा करण्याचा नियम केला आणि त्या दिवसानंतरची सही ग्राह्य धरायची असेल, तर विद्यार्थ्याने कौशल्य पुन्हा करून दाखवावे, असे ठरवले. पुढच्या तुकडीची पूर्ततेची टक्केवारी घसरली. प्रशासनाला ती घसरण वाटली. माझ्या दृष्टीने पडद्यावरचा तो पहिला खरा आकडा होता.

दुसरे उदाहरण बहुपर्यायी प्रश्नांचे. परीक्षेनंतर एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी वेगळे काढून प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना आला, हे मोजण्याची पद्धत जुनीच आहे. दोन्ही गटांच्या यशातला फरक म्हणजे त्या प्रश्नाचा भेददर्शक निर्देशांक. हुशार मुलांपेक्षा कच्च्या मुलांना जो प्रश्न अधिक येतो, त्याचा निर्देशांक ऋण निघतो. आमच्या एका चाचणीत असाच एक प्रश्न निघाला: ‘ॲनायन गॅप सामान्य राहून मेटाबॉलिक ॲसिडोसिस कशात होतो’ (ॲनायन गॅप म्हणजे रक्तातल्या मोजलेल्या धन आणि ऋण आयनांमधला फरक, आणि ॲसिडोसिस म्हणजे रक्तातली आम्लता वाढणे), आणि पर्यायांमध्ये अतिसार, डायबेटिक किटोॲसिडोसिस, लॅक्टिक ॲसिडोसिस आणि रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस हे चार होते. उत्तरसूचीत अतिसार हे उत्तर होते. वरच्या गटातली निम्म्याहून अधिक मुले मात्र रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिसकडे गेली होती, कारण तेही उत्तर तितकेच बरोबर आहे. एकूण निकालाच्या सरासरीत ही गोष्ट कधीच दिसली नसती. ‘मुलांना आम्ल-आम्लारी समतोल कळलेला नाही, दोन जादा तास घ्या’ असा चुकीचा निष्कर्ष मात्र नक्की निघाला असता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, डॅशबोर्डवरच्या प्रत्येक चौकटीला एक प्रश्न जोडलेला असावा: हा आकडा हलला, तर कोणत्या बैठकीत, कोण, काय बदलणार आहे? ज्या चौकटीला असे उत्तर नाही, ती काढून टाकावी. आपापल्या संस्थांमध्ये कसा अनुभव आहे, ते वाचायला आवडेल.

सांख्यिक

उत्तम धागा. लॉगबुकाच्या तारखांचे उदाहरण तर मी माझ्या वर्गात सांगणार आहे. मी जैवसांख्यिकी शिकवतो, त्यामुळे रंगांविषयी थोडी तक्रार करतो.

क्लिनिकल पोस्टिंगची एक बॅच बारा-पंधरा जणांची असते. बारांपैकी एक विद्यार्थी नापास झाला, तर टक्केवारी आठने उतरते आणि दोन झाले, तर सतराने. एवढ्यावर चौकट हिरव्याची लाल होते, विभागप्रमुखांना पत्र जाते आणि ते बिचारे पुढच्या बॅचला जादा तास लावतात. पुढच्या बॅचमध्ये एकही नापास होत नाही आणि जादा तासांचा उपयोग झाला, अशी सर्वांची समजूत होते. यात बदल काहीच झालेला नसण्याचीच शक्यता अधिक असते; लहान संख्यांचा तो नेहमीचा चढउतार आहे. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यातल्या उत्पादनासाठी नियंत्रण-आलेख मांडला, तो नेमका याच अडचणीवर: नेहमीचा चढउतार कोणता आणि खरोखर काही बिघडल्याची खूण कोणती, हे वेगळे ओळखता यावे.

शिक्षणाच्या कामाला याहून सोपा रन चार्ट पुरतो. एकामागून एक येणाऱ्या बॅचचे आकडे काळाच्या क्रमाने मांडावेत, मध्यकाची (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची) एक आडवी रेघ मारावी आणि सलग सहा किंवा अधिक बिंदू रेघेच्या एकाच बाजूला पडले, तरच काही बदलले आहे असे मानावे. हे एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होते, त्यासाठी कोणालाही पैसे मोजावे लागत नाहीत, आणि लाल दिव्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक असते.

अभिप्रायाच्या सरासरीबद्दलही लिहितो. पाचपैकी ३ ही सरासरी सगळ्यांनी ३ दिल्यावर येते, तशीच निम्म्यांनी १ आणि निम्म्यांनी ५ दिल्यावरही येते. पहिला तास मिळमिळीत झालेला असतो. दुसरा बहुधा अशा शिक्षकाचा असतो, ज्याचे बोलणे मागच्या बाकांपर्यंत पोहोचत नाही किंवा ज्याने मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना गृहीत धरलेले नसते. सरासरी छापण्याऐवजी पाच खांब छापा, एवढीच विनंती आहे.

उपअधिष्ठाता_निवृत्त

धागाकर्त्यांच्या भूमिकेत तथ्य आहे, तरी प्रशासनाची बाजू कोणीतरी मांडायला हवी. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी नसेल, तर विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. २०१९ च्या नियमांप्रमाणे अंतर्गत मूल्यमापनात एकत्रित ५० टक्के आणि थिअरी व प्रॅक्टिकलमध्ये स्वतंत्रपणे किमान ४० टक्के गुणही लागत होते. हे आकडे वेळेवर दिसले नाहीत, तर फॉर्म भरण्याच्या आठवड्यात पालक कार्यालयात येऊन बसतात आणि ‘आम्हाला आधी का कळवले नाही’ असे विचारतात. त्यांचे विचारणे रास्तच असते. तेव्हा हजेरीची चौकट केवळ तपासणीच्या फाइलसाठी असते, हे मला मान्य नाही.

माझ्या कारकिर्दीत सर्वांत उपयोगी ठरलेली यादी हजेरीचीच होती. पहिल्या वर्षाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ज्याची हजेरी एकाएकी कोसळते, त्याच्या मागे बहुधा आजारपण, घरची अडचण, भाषेची भीती किंवा नैराश्य असते. टक्केवारी वर्षाअखेरीस पाहिली, तर तो विद्यार्थी फक्त ‘अपात्र’ दिसतो. महिन्यागणिक पाहिली, तर मेंटॉरला त्याच्याशी वेळेत बोलता येते.

वॉर्डातला_मास्तर

सर, आपला मुद्दा मान्य. आपण सांगितलेल्या यादीत आकडा कोणाकडे जाणार आणि त्याने काय करायचे, हे दोन्ही ठरलेले आहे, म्हणून ती यादी माझ्या कसोटीत पूर्णपणे बसते. आमच्याकडे हजेरीची चौकट वर्षभराची एकत्रित टक्केवारी दाखवत असे आणि तिच्यात ऑगस्टपर्यंत नियमित असलेल्या मुलाची सप्टेंबरमधली घसरण बुडून जात असे. आता मागच्या चार आठवड्यांचा आकडा वेगळा दाखवतात.

पीजी_दुसरे_वर्ष

आकडे ज्यांचे असतात, त्यांच्या बाजूने लिहितो आहे. आमच्या विभागात ‘अपुरी प्रगती’ असलेल्या निवासी डॉक्टरांची यादी व्हॉट्सॲपच्या विभागीय ग्रुपवर पडली होती. त्यात नावे होती आणि नावांपुढे लाल रंग होता. ज्या दोघांची प्रसूतींची संख्या कमी दिसत होती, ते दोघेही त्या काळात जिल्हा निवासी कार्यक्रमासाठी, म्हणजे पीजीच्या काळात जिल्हा रुग्णालयात कराव्या लागणाऱ्या कामासाठी, तीन महिने बाहेर होते. ज्यांनी यादी केली, त्यांच्या शीटमध्ये हा रकानाच नव्हता.

कौशल्यांची संख्या मोजताना संधी किती मिळाली, हेही मोजायला हवे. लेबर रूममध्ये रात्रीच्या ड्युट्या ज्याला अधिक लागतात, त्याच्या नोंदी अधिक होतात. दिवाळीच्या सुट्टीत ज्या बॅचची पोस्टिंग येते, तिच्या वाट्याला शिक्षक कमी येतात. विद्यार्थी मागे पडला आहे की वेळापत्रकाने त्याला मागे ठेवले आहे, हे नुसत्या अंकावरून कळत नाही. नोंदींच्या संख्येशेजारी ड्युट्यांची संख्या छापली, तरी अर्धे गैरसमज मिटतील.

दुसरे असे की, ही सगळी वैयक्तिक माहिती आहे. देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायद्याचा तपशील जाणकार सांगतीलच, पण विद्यार्थ्याचे गुण आणि त्याच्यावरचे शेरे कोणी पाहावेत, ते किती वर्षे ठेवावेत आणि त्याला स्वतःला ते दिसावेत की नाही, हे कोणत्याही महाविद्यालयाने लिहून ठेवायला कायद्याची वाट पाहू नये. आम्हाला आमचाच डॅशबोर्ड दिसत नाही. आमच्याविषयी काय साठवले आहे, हे आम्हाला प्रीलिमनंतर कळते.

किंग्स्टनकर

मी कॅनडातल्या किंग्स्टन इथे राहतो आणि क्वीन्स विद्यापीठाच्या रुग्णालयाशी कामानिमित्त संबंध येतो. या विद्यापीठाने जुलै २०१७ मध्ये आपले सगळे विशेषज्ञ-प्रशिक्षण कार्यक्रम एकाच वेळी क्षमताधिष्ठित पद्धतीवर नेले. त्याच महिन्यात विशेषज्ञांच्या प्रशिक्षणाची मानके ठरवणाऱ्या रॉयल कॉलेजने देशपातळीवर भूलशास्त्र आणि कान-नाक-घसा या दोन शाखांपासून सुरुवात केली होती, त्यामुळे इथला अनुभव जरा आधीचा आणि जरा मोठा आहे.

इथे निवासी डॉक्टरच्या प्रत्येक महत्त्वाच्या कामाचे निरीक्षण करून शिक्षक छोटा फॉर्म भरतो. ‘सोपवता येण्याजोगे व्यावसायिक काम’ ही कल्पना नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये मांडली, तिच्यावर हे आधारलेले आहे. मोजपट्टीवर ‘उत्तम, चांगले, बरे’ असे शेरे नसतात. ‘मलाच करावे लागले’ इथून सुरुवात होते, मधल्या पायऱ्यांवर बोलून वाट दाखवावी लागली किंवा अधूनमधून सूचना द्यावी लागली असे येते, आणि शेवट ‘माझी तिथे गरज नव्हती’ इथे होतो. ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी ओटावातल्या शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियागृहासाठी तयार केली होती. शिक्षकाला तिच्यावर उत्तर देणे सोपे जाते, कारण आपण हातमोजे घालून पुढे झालो की मागे उभे राहिलो, हे त्याला आठवत असते.

हे फॉर्म डॅशबोर्डवर एकत्र दिसतात आणि क्षमता समिती ठरावीक काळाने प्रत्येक प्रशिक्षणार्थीचा एकूण पट पाहून निर्णय घेते. कोणताही एक फॉर्म कोणाला पास किंवा नापास करत नाही. नेदरलँड्समधल्याच मास्ट्रिख्टच्या केस व्हान डर व्ल्यूटेन आणि लॅम्बर्ट शुविर्थ यांनी मूल्यमापनाचा जो समग्र विचार मांडला, त्यातले हे मुख्य सूत्र आहे.

त्रासही सांगितला पाहिजे. फॉर्मची संख्या हेच लक्ष्य बनले, की निवासी डॉक्टर शिक्षकांच्या मागे लागून सोप्या रुग्णांचे फॉर्म भरून घेतात आणि अवघड प्रसंगी, जिथे अभिप्रायाची खरी गरज असते, तिथे मागतच नाहीत. फॉर्म भरण्याचा बोजा हा कॅनडातल्या निवासी डॉक्टरांच्या तक्रारींमधला कायमचा विषय आहे. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल जे निरीक्षण नोंदवले, की मोजमापावर नियंत्रणाचा दाब पडला की ते मोजमाप कोसळते, त्याचा प्रत्यय इथे रोज येतो. आपल्याकडच्या लॉगबुकाच्या सह्या आणि इथले फॉर्म यांची जातकुळी एकच आहे.

परिचारिका_शिक्षिका

मी नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. हा धागा एमबीबीएसभोवती फिरतो आहे, तरी एक अनुभव जोडते, कारण ओएससीई, म्हणजे थांब्याथांब्यांवर घेतली जाणारी कौशल्यांची परीक्षा, आता सगळीकडेच आहे. रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीमध्ये १९७५ साली ही पद्धत मांडली, ती विद्यार्थ्याने वेगवेगळ्या थांब्यांवर ठरलेल्या यादीप्रमाणे काम करून दाखवावे म्हणून. त्या यादीतल्या प्रत्येक पायरीला खूण केलेली असते. आपण मात्र थांब्याचे एकूण गुण तेवढे संगणकात भरतो आणि यादीचे कागद गठ्ठा बांधून ठेवून देतो.

आम्ही एका वर्षी स्नायूत इंजेक्शन देण्याच्या थांब्याचे कागद पायरीगणिक भरले. एकूण निकाल छान होता आणि बहुतेक मुली दहापैकी आठ गुणांच्या पुढे होत्या. पायरीगणिक पाहिल्यावर लक्षात आले की गेलेले गुण विखुरलेले नव्हते. मनगटपट्टी आणि केसपेपर ताडून रुग्णाची ओळख पटवण्याच्या एकाच पायरीवर ते बरेचसे गेले होते. कौशल्यशाळेत समोर पुतळा असतो, पुतळ्याला नाव विचारायचे मुलींना सुचत नाही, आणि आम्हीही शिकवताना ते विचारत नव्हतो. आता प्रत्येक पुतळ्याच्या मनगटाला पट्टी असते आणि दोन पुतळ्यांना मुद्दाम एकच आडनाव दिलेले असते.

कोष्टकवाला

मी शैक्षणिक संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो, तेव्हा पडद्यामागचे थोडे सांगतो. डॅशबोर्डच्या कामातला सर्वाधिक वेळ आलेखांवर कधीच जात नाही. एका विभागाच्या शीटमध्ये रोल नंबर ‘७’ असतो, दुसऱ्याच्या ‘००७’ आणि तिसऱ्याच्या ‘२०१९-०७’. संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसे आहेत. ०४/०५ ही तारीख एका लॅपटॉपवर ४ मे असते आणि दुसऱ्यावर ५ एप्रिल. रिपीटर विद्यार्थी जुन्या तुकडीतही असतो आणि नव्या तुकडीतही.

सर्वांत घातक असतो तो गैरहजेरीचा रकाना. काही शिक्षक ‘एबी’ लिहितात, काही शून्य लिहितात, काही मोकळा सोडतात. शून्य लिहिले की वर्गाची सरासरी पडते. ‘एबी’ लिहिले की तो विद्यार्थी सरासरीतून गळतो आणि परीक्षेला न बसलेल्यांची संख्या वाढली, की निकाल सुधारल्यासारखा दिसतो. दोन विभागांची तुलना करणारा आलेख अशा शीटवरून काढला, तर तो विभागांची तुलना करत नाही, दोन लिपिकांच्या सवयींची करतो. म्हणून आम्ही आता काम घेताना आधी एका पानाची व्याख्यासूची मागतो: कोणत्या रकान्यात काय लिहायचे, कोणी लिहायचे आणि केव्हापर्यंत. ती न देणाऱ्या संस्थेला डॅशबोर्ड देण्यात अर्थ नसतो, हे धंद्याच्या दृष्टीने बोलू नये, पण बोलतो.

वॉर्डातला_मास्तर

सर्वांचे आभार. व्यक्तिगत निरोपांमध्ये बऱ्याच जणांनी ‘नव्याने सुरुवात करायची झाली, तर कुठून करावी’ असे विचारले आहे, त्याला इथेच उत्तर देतो.

नवे सॉफ्टवेअर घेण्याआधी एक फेज (एमबीबीएसचा एक टप्पा), एक विभाग आणि एक प्रश्न घ्यावा. माझी पसंती प्रश्नपत्रिकेच्या विश्लेषणाला राहील, कारण ती माहिती आयती उपलब्ध असते, तिच्यात विद्यार्थ्यांची नावे लागत नाहीत आणि दोष निघाला, तर तो प्रश्नाचा निघतो. विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही त्यामुळे धास्तावत नाहीत. त्यानंतर ब्लूप्रिंटशी (कोणत्या विषयाला किती गुण, हे ठरवणाऱ्या आराखड्याशी) पडताळा घ्यावा: हृदयविकाराला नेमून दिलेले गुण आणि मागच्या चार पेपरांत त्यावर प्रत्यक्ष विचारलेले गुण शेजारीशेजारी मांडले, की प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या आवडीनिवडी आपोआप दिसतात. लॉगबुकाच्या तारखा तिसऱ्या क्रमांकावर घ्याव्यात, आणि त्याही सुरुवातीला शिक्षकांच्या नावांशिवाय.

आकडे पाहण्याची जागाही ठरलेली असावी. अभ्यासक्रम समितीच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटे मागच्या बैठकीत ठरलेल्या बदलाचा आलेख पाहावा आणि मगच नवा विषय घ्यावा. विभागाविभागांची क्रमवारी लावणे मात्र कटाक्षाने टाळावे. क्रमवारी लागली, की दुसऱ्या महिन्यापासून नोंदी सुधारतात आणि शिकवणे होते तिथेच राहते. पीजी मित्राच्या सूचनेप्रमाणे नोंदींशेजारी ड्युट्यांची संख्या छापण्याचा प्रस्ताव मी आमच्या समितीपुढे ठेवणार आहे.

पीजी_दुसरे_वर्ष

धन्यवाद, सर. एक व्यावहारिक शंका उरते. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी लॉगबुक जमा करायचे म्हटले, तरी रात्री दोन वाजता इंटर्नने किंवा विद्यार्थ्याने कॅन्युला घातली, तर ती पाहणारा बहुधा माझ्यासारखा निवासी डॉक्टर असतो. शिक्षक सकाळी येतात. मग ती नोंद कोणाची?

वॉर्डातला_मास्तर

आम्ही त्यासाठी लॉगबुकात दोन रकाने केले आहेत. ‘कोणी पाहिले’ या रकान्यात निवासी डॉक्टरने त्याच वेळी नाव, वेळ आणि विद्यार्थ्याला किती मदत लागली ते लिहायचे. ‘कोणी प्रमाणित केले’ हा रकाना शिक्षकाचा. तो त्यांनी तीन दिवसांच्या आत, विद्यार्थ्याशी त्या रुग्णाबद्दल दोन प्रश्न बोलून भरायचा. दोन्ही तारखांमधले अंतर तीन दिवसांच्या वर गेले, की युनिटच्या शीटमध्ये ती ओळ वेगळी निघते आणि त्याची विचारणा विद्यार्थ्याकडे न करता विभागाच्या समन्वयकाकडे होते. रात्रीच्या नोंदी आता दिवसाच्या नोंदींपेक्षा अधिक तपशिलाने लिहिलेल्या येतात, आणि त्याचे श्रेय निवासी डॉक्टरांना आहे.

सांख्यिक

त्या दोन तारखांमधल्या अंतराचा रन चार्ट लावाच. सरासरी नको, मध्यक घ्या. एखादा शिक्षक महिनाभर रजेवर गेला, तर सरासरी उगाच फुगेल.

वॉर्डातला_मास्तर

मध्यकच घेतो. पुढच्या दोन पोस्टिंगचे आकडे आले, की आलेख याच धाग्यात टाकतो. नावे आणि रोल नंबर अर्थातच काढून.